मागची भिंत आणि भारतीची गोधडी

शालू, आधी माफी मागते. माझं अक्षर तुला ठाऊकच आहे. चौथीनंतर हातात पाटी धरली नाही, आणि त्यालाही आता पंचवीस वर्षं झाली. ऱ्हस्व-दीर्घ तर सगळं चुकणार. जिथं लागणार नाही तिथं मोठ्यानं वाच, म्हणजे माझं बोलणं ऐकू येईल.

भारतीच्या जुन्या वहीत मागची पानं कोरी राहिली होती, त्यात लिहिते आहे. आमच्या घरी बोलणं मराठी, पण वाचणं सगळं कानडी. हे कानडी शाळेत शिकलेले, आत्याचा अंगठा, आणि भारतीला आता पाचवीत हिंदीमुळं ही अक्षरं येऊ लागली आहेत, पण माझं अक्षर तिला लागत नाही. त्यामुळं वही कुणाच्या हाती पडली तरी भीती नाही. तुझ्याशिवाय कुणाला दाखवू नकोस.

तुझ्या पत्रात एक ओळ होती. "अक्का, घरी कुणी आलं की मी कपाट पुढं ओढून भिंत झाकते." ती वाचली आणि मी चुलीवरचा भात विसरले. मंगळूरचा पाऊस आमच्यापेक्षा मोठा, तुझी पोर लहान, आणि दोन महिने खोकते आहे म्हणतेस. म्हणून आमचं झालं ते सगळं लिहिते. मी काय काय चुकले तेही.

*

राजाजीनगरचं ते घर आम्ही लीजवर घेतलं होतं. तुमच्याकडे ही पद्धत आहे की नाही माहीत नाही. इथं ओनरला एकदाच मोठी रक्कम द्यायची, तीन वर्षं भाड्याशिवाय राहायचं, आणि सोडताना तेवढीच रक्कम परत घ्यायची. त्याला भाडं नाही, आपल्याला व्याज नाही. त्यातला एक नियम मात्र सगळ्यांना पाठ: पैसे हातात पडल्याशिवाय किल्ली द्यायची नाही.

आम्ही चाळीस हजार दिले. ह्यांनी शिवाजीनगरच्या दुकानातली एक शिलाई मशीन विकली, आणि माझ्या पाटल्या गेल्या. त्या पाटल्या आईनं कशा केल्या होत्या ते तुला माहीत आहे.

घर चांगलं वाटलं होतं. पुढं हॉल, मग स्वयंपाकघर, मागं एक खोली. वर ओनर राहायचे, नंजुंडप्पा म्हणून, फॅक्टरीतून रिटायर झालेले. मागच्या खोलीच्या भिंतीला लागून शेजाऱ्याचं घर, मध्ये हातभर बोळ, त्यामुळं तिथं ऊन कधी पडलंच नाही. त्या भिंतीच्या बरोबर वर ओनरची मोरी.

पहिल्या पावसात भिंतीवर घागरीएवढा डाग आला. मग त्यावर काळे ठिपके, जसे तव्यावरून उडालेले.

"चुना मार, जाईल," आत्या म्हणाली. माझी सासू म्हणजे आपली आत्याच, तिचं ऐकायची मला लहानपणापासून सवय. मी चुना मारला. आठ दिवसांनी ठिपके चुन्यातून वर आले. गौरी-गणपतीला परत मारला, दिवाळीला परत. शालू, लोणच्याला बुरशी आली तर मी अख्खी बरणी टाकून देते. भाकरीला आली तर गाईलाही घालत नाही. आणि तीच भिंतीला आली तर मी तिला बुरशी म्हटलंच नाही. मी तिला ओल म्हणायचे, डाग म्हणायचे.

शेवटी ती दिसू नये म्हणून मी तिच्यासमोर कातरणाची पोती रचली. ह्यांच्या दुकानातून रोज कापडाचे तुकडे उरतात. ते मी पोत्यात भरून ठेवते आणि गोधड्या शिवते. पाच पोती रचल्यावर भिंत पूर्ण झाकली. मला बरं वाटलं. त्या पोत्यांना टेकूनच भारतीचं अंथरूण असायचं.

*

भारती दुसरीत होती. सकाळी उठली की खोकायची, नऊ वाजेपर्यंत खोकायची, शाळेत गेली की थांबायची. मला वाटायचं शाळा चुकवायला करते. एकदा चापटही मारली मी तिला. ते अजून डोळ्यांसमोर येतं.

मग तिच्या छातीतून शिट्टी वाजू लागली. गल्लीतल्या डॉक्टरनं पातळ औषध दिलं. ते संपलं की दुसरं. मी खिडकी बंद केली, गार लागतंय म्हणून. एक गोधडी होती ती दोन केल्या. दोनानं भागेना तेव्हा तिच्यासाठी खास जाड नवी शिवली. आजीच्या जुन्या लुगड्याचं अस्तर, आणि आत सगळं कातरण त्या पोत्यांतलं. ते हाताला जरा दमट लागलं होतं. मी म्हटलं अंगाच्या उबेनं वाळेल.

खोकला काही तिला एकटीलाच नव्हता. आत्याही खोकायची, आणि ह्यांच्या मानेवर खाज. हे म्हणायचे, "आई, तपकीर कमी कर, पोरीला लागतंय."

आत्या चिमूट तशीच नाकाशी धरून म्हणायची, "माझी तपकीर चाळीस वर्षांची आहे. हा खोकला कालचा. कशामुळं आला ते बघ जरा."

आम्ही हसायचो. खरं तर ती बरोबर बोलत होती.

शेजारच्या सरोजम्मानं एक दिवस आपल्या मुलीला भारतीपासून हात धरून ओढून नेलं. मला काही बोलली नाही. पण मला कळलं की तिच्या मनात टीबी आहे. माझ्याही मनात तेच होतं, फक्त मी ह्यांना सांगितलं नव्हतं आणि ह्यांनी मला. दोघंही एकमेकांना "सर्दी आहे" म्हणत होतो.

*

एका सकाळी तिला बोलता येईना. एक शब्द, मग श्वास, मग एक शब्द. ओठ निळसर. हे दुकानात गेले होते. मी तिला त्याच गोधडीत गुंडाळायला गेले, तर तिनं हातानं लोटली, म्हणून माझ्या अंगावरचाच पदर घातला आणि रस्त्यावर धावले. ऑटोवाल्यानं कुठं जायचं ते विचारलंही नाही, तोंडाकडं बघून सरकारी दवाखान्यात आणलं. पैसे देऊ लागले तर म्हणाला, "आधी आत जा अक्का." मग शोधलं तर तो निघून गेला होता. देवानं त्याचं भलं करावं.

तिच्या तोंडाला वाफेचा मास्क लावला. अर्ध्या तासानं ती म्हणाली, "आई, भूक लागली." मी कधी इतकी रडले नव्हते.

आठवडाभर राहिलो. सकाळी सहाला झाडूवाली यायची, सगळ्या आयांना खाटांखालून उठवायची. आठला ब्रेड आणि दूध. मग सिस्टर थर्मामीटर घेऊन. मला काही विचारायचं असलं तरी तोंडातून शब्द निघायचा नाही. तुला माझी सवय ठाऊक आहे, परक्या माणसासमोर माझी जीभ टाळूला चिकटते. शेजारच्या खाटेवर तुमकूरकडची एक बाई होती, ती माझ्या वतीनं विचारायची. नंतर नंतर तर मी फक्त तिच्याकडं बघायचे आणि ती सिस्टरला हाक मारायची.

छातीचा फोटो काढला, थुंकी तपासली. टीबी नव्हता. डॉक्टरीणबाई वयस्कर होत्या, केस पांढरे, चष्मा दोरीला बांधलेला. त्यांनी विचारलं, "घरात ओल आहे का? भिंतीवर काळं, हिरवं काही?"

मी "इल्ला" म्हणून चक्क नाही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी परत विचारलं. मी परत म्हटलं, "इल्ला मॅडम, घर स्वच्छ आहे."

का म्हटलं मी असं? लाजेनं. बाईच्या घराला बुरशी म्हणजे बाईच आळशी, असं मला वाटायचं. मुलगी खाटेवर पडलेली, आणि मी आपलं घर चांगलं म्हणून सांगत बसले होते.

दोन दिवसांत भारती बरी दिसू लागली. पण दवाखान्याच्या चादरीत तिला झोप येईना, म्हणून तिसऱ्या दिवशी ह्यांना सांगून तिची गोधडी मागवली. ती तिला कवटाळून झोपली. सकाळी शिट्टी परत सुरू.

डॉक्टरीणबाई राउंडला आल्या. काल बरी होती, आज काय झालं म्हणून इकडं तिकडं बघितलं. गोधडी उचलली.

"कुणी शिवली?"

"मी," मी म्हटलं. टाके बारीक होते, मला जरा अभिमानच वाटला.

त्यांनी ती नाकाशी धरली. मग माझ्या नाकाशी धरली. घरी मला तो वास कधी आला नव्हता. चार दिवस बाहेर राहिल्यावर आला. ओल्या गोणपाटाचा, बंद ट्रंकेचा वास.

"आता परत विचारते, अम्मा. घरात ओल आहे?"

मला "हो" म्हणता आलं नाही. मी नुसती मान हलवली. वाटलं आता ओरडतील. त्या खाटेच्या कडेला बसल्या आणि म्हणाल्या, "भिंतीला बुरशी आली यात तुझी काही चूक नाही. पण तू झाकलीस तर मी औषध कशावर देऊ?"

शालू, ही ओळ मी तुझ्यासाठी लिहिते आहे. कपाट ओढू नकोस. डॉक्टरनं विचारण्याआधी सांग.

*

आजाराचं नाव दमा. आत्यानं ते ऐकलं आणि माझ्या तोंडावर हात ठेवला. "हा शब्द घराबाहेर काढू नकोस. मुलीची जात आहे. उद्या कोण करून घेईल तिला?" आणि तोंडानं ओढायचा जो पंप दिला होता, तो एकदा लागला की जन्माचा सुटत नाही, असं तिला कुणीतरी सांगितलेलं. मी पंप पदराखाली लपवून भारतीला मोरीत नेऊन द्यायचे. पुन्हा लपवणंच! एक दिवस भारतीच म्हणाली, "आई, मी काय चोरी करते का?" त्या दिवसापासून पंप देवळीत, सगळ्यांसमोर.

आम्ही पोती ओढली. मागची भिंत केसाळ झाली होती, मांजराच्या पाठीसारखी. पोत्यांचे तळ हिरवे. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की त्यातलं काही ठेवायचं नाही. नऊ गोधड्या निघाल्या. आत्यानं आजीच्या लुगड्याची गोधडी छातीशी धरली. "ही माझ्या आईची आहे. ही नाही जाणार."

आपली आजी ती. माझाही हात उचलेना. शेवटी मी कात्रीनं अस्तर उसवलं, आतलं कातरण फेकलं, आणि लुगडं सोड्याच्या पाण्यात उकळून तीन दिवस दारापुढं उन्हात घातलं. एवढं वाचलं. बाकी सगळं आत्यानं स्वतः कचऱ्याच्या गाडीत टाकलं आणि गाडी वळेपर्यंत उभी राहिली.

पण भिंत कशी टाकणार?

हे वर जाऊन ओनरशी बोलले. ओनर वाईट माणूस नव्हता. खाली आला, भिंतीला हात लावला, हात पँटला पुसला. मग म्हणाला, "पैसे मुलीच्या लग्नात गेले हो. नवीन कुणी लीजला आलं की त्याचे घेऊन तुमचे देतो. स्वल्प थांबा." नवीन माणसं यायची, मागच्या खोलीत जाऊन नाक दाबायची आणि निघून जायची. पैसे नाहीत म्हणून आम्ही निघत नव्हतो, आणि आम्ही आत होतो म्हणून भिंत फोडता येत नव्हती.

हे म्हणाले, "पैसे मिळाल्याशिवाय हलायचं नाही." ह्यांचे भाऊ म्हणाले तेच, दुकानातले म्हणाले तेच. दिवाळीनंतर भारतीला परत तसाच झटका आला.

तेव्हा मी यशवंतपूरला मार्केटच्या मागं तिसऱ्या मजल्यावर गच्चीतली एक खोली बघितली. वर पत्रा, दुपारी नुसती भट्टी, खाली कांद्याच्या लॉऱ्या. पण चारी बाजूंनी ऊन. भारतीला घेऊन मी तिथं गेले. साड्यांना फॉल लावून भाडं भागवायचे. हे आणि आत्या राजाजीनगरलाच राहिले, घर धरून ठेवायला. रविवारी हे यायचे. भारती त्यांना जिन्यात उतरून आणायची. पहिल्या महिन्यात ती प्रत्येक मजल्याला बसायची. पौषात एका रविवारी एकदाच बसली. त्याच रविवारी मी ऐकलं, वर आल्यावर ह्यांच्याच छातीतून बारीक शिट्टी येत होती.

"काही नाही," हे म्हणाले. "सर्दी आहे."

*

संक्रांत झाल्यावर एक दिवस हे दुकानात असताना मी राजाजीनगरला गेले. आत्या दारात तपकीर घेत बसली होती. मी खिळ्यावरची किल्ली काढली. तिनं बघितलं.

"कुठं नेतेस ती?"

"वर."

आत्यानं तपकिरीची डबी मिटली. मग म्हणाली, "थांब, माझं बोचकं बांधू दे. आणि त्याला मी सांगते. तुला नाही जमायचं."

दीड वर्षात मी वरच्या जिन्यावर पाय ठेवला नव्हता. ओनरची बायको गौरम्मा कढीपत्ता निवडत होती, ओनर पेपर वाचत होता. मी किल्ली त्याच्या पेपरवर ठेवली. मनात सगळं पाठ करून आले होते, सगळं विसरले.

"अण्णा, किल्ली घ्या."

त्यानं चष्मा काढला. "आणि पैसे?"

"होतील तसे द्या. पण मोरीचा पाइप नवा घाला. आणि भिंतीचं प्लास्टर खरवडून उन्हाळाभर उघडी ठेवा. तोपर्यंत कुणाला आत घालू नका."

"घर रिकामं राहिलं तर तुमचेच पैसे लांबतील, अम्मा."

"लांबू देत. येतील त्यांच्याकडंही पोर असेल."

एवढं मी आयुष्यात एका वेळी परक्या माणसाशी बोलले नव्हते. गौरम्मा उठली, माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि म्हणाली, "पोरगी कशी आहे?" वर राहून इतके महिने तिनं तो खोकला जमिनीतून ऐकला होता. तिचे डोळे भरले होते.

त्या रात्री हे आणि आत्या यशवंतपूरला राहायला आले. हे अकरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पान वाढलं की जेवायचे, आणि भिंतीकडं तोंड करून पडायचे. बाराव्या दिवशी म्हणाले, "चाळीस हजाराची किल्ली तू पेपरवर ठेवून आलीस." मी म्हटलं, "हो." मग म्हणाले, "काल जिना चढताना छाती वाजली नाही." एवढंच.

*

ओनरनं भिंत उघडली. आत्या मुद्दाम दोनदा बघून आली आणि सांगितलं, आतला पाइप गंजून चाळणी झाला होता. उन्हाळाभर घर तसंच ठेवलं. मग भाडेकरू आला, लीजचा नव्हे, महिन्याचा, आणि ते भाडं ओनर आमच्याकडं आणून द्यायचा. कधी दोन महिने यायचा नाही, तेव्हा ह्यांचा चेहरा बघवायचा नाही आणि मी फॉल लावत खाली मान घालायचे. मधे एकदा गौरम्मानं आपली चेन मोडून दहा हजार पाठवले.

भारती अजून थंडीत खोकते. पंप अजून देवळीत आहे. बरी झाली असं मी म्हणत नाही, पण ती आता धावते.

ही वही थोडी थोडी लिहिते आहे, सुरू करून पंधरा दिवस झाले. त्यात गेल्या सोमवारी ती खालून ओरडत आली, "आई, राजाजीनगरचे ताता आलेत!" तीन जिने एका धावेत चढून आली होती, आणि ताता, म्हणजे आपले ओनर, दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून उभे होते, दम खात. ती परत उतरली आणि त्यांची पिशवी घेऊन आली.

त्यांनी शेवटचे दोन हजार ह्यांच्या हातात दिले. लीजचा कागद खिशातून काढला, पाठीमागं लिहून द्या म्हणाले, सगळे मिळाले म्हणून. ह्यांनी पेन घेतलं, बघितलं आणि माझ्याकडं सरकवलं.

"हिच्या पाटल्या होत्या. हीच लिहील."

मी म्हटलं, माझं अक्षर चांगलं नाही, आणि मला कानडी येत नाही. ओनर म्हणाले, "कुठल्याही अक्षरात लिहा अम्मा. तुमचं लिहिलेलं मला चालेल."

मी लिहिलं. चाळीस हजार रुपये पूर्ण पावले. खाली सुशीला. ओळ वर चढली होती आणि शाई एका ठिकाणी पसरली. ओनरनं कागद उलटा-सुलटा करून बघितला आणि भारतीला दिला. "काय लिहिलंय, वाच गं."

भारती खाली वाकली, बोट ठेवून एक एक अक्षर लावलं, आणि मग सबंध ओळ मोठ्यानं वाचली. मध्ये कुठं थांबली नाही.